अक्काचं उष्टं तपासायला बेंगळुरूला

बेंगळुरूला कुणी नोकरीला जातं, कुणी थंड हवेला. मी गेलो अक्काची लाळ तपासून घ्यायला.

अक्का माझी थोरली बहीण. लग्न होऊन बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरात पडली. आता मराठी बोलताना मध्येच ‘जरा’चं ‘स्वल्प’ नि ‘बरं’चं ‘सरी’ कधी होतं ते तिलाच कळत नाही. पानातून तंबाखू खायची सवयही तिकडचीच. हल्ली तिखट झोंबायला लागलं, तोंड पुरतं उघडेना. दातांचे डॉक्टर म्हणाले, गालाच्या आतला तुकडा काढून तपासू. ही पदर सावरून थेट घरी! "जीव गेला तरी कातर लावू देणार नाही," मला फोनवर म्हणाली.

मी दहावीनंतर कॉलेजची पायरी चढलो नाही. पण जे वाचतो ते मुळापासून वाचतो. लाळेत कर्करोगाची चाहूल देणारे घटक सापडू शकतात आणि त्यांची झटपट चाचणी जे. पी. नगरातल्या एका प्रयोगशाळेत होते, हे मीच शोधून काढलं. डॉक्टर म्हणाले, "करा, पण ती चाचणी तुकडा तपासण्याला पर्याय नाही." अक्का म्हणाली, "लाळच ना? मग सरी."

मिरजेहून रात्रीची गाडी धरली, सकाळी बेंगळुरू. स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांशी वाद घालत बसू नका. स्टेशनलगतच्या मॅजेस्टिकहून हिरवी मेट्रो घ्या आणि नॅशनल कॉलेजला उतरा, बसवनगुडी तिथून जवळ. पुढे जे. पी. नगरलाही हीच मेट्रो जाते. रिक्षावाल्याने जेवढे पैसे सांगितले त्यात आम्ही दोघं जाऊन-येऊन वर कॉफी प्यायलो.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: आधी तासभर खाणं, पिणं, चूळ सगळं बंद. आणि थुंकायचं नाही, खाकरायचं नाही. मान खाली घालायची आणि लाळ आपसूक नळीत ओघळू द्यायची.

अक्काची ओघळेना. नळी धरून बसली, कोरडी ठाक. मी धीर द्यायला म्हटलं, "अक्का, चिंचगुळाची आमटी आठव. वर कढीपत्त्याची फोडणी."

"सर, खाण्याचं नाव काढू नका," काव्या नावाची तंत्रज्ञ मुलगी हिंदीत म्हणाली. "अशी आणलेली लाळ पातळ होते."

हे मी वाचलं होतं, ऐनवेळी विसरलो. लगेच चाचणी कशी चालते ते अक्काला समजावू लागलो.

"थांब रे स्वल्प!" ती कावली. "यंत्राचं सांगू नकोस. परक्या पोरीच्या हातात माझं उष्टं द्यायचं? आईने शिकवलं ते विसरलास? आणि तू समोर बसून बघणार!"

काव्याने कन्नडमध्ये विचारलं, अक्काने कन्नडमध्येच घडाघडा सांगितलं. मुलगी हसली नाही. म्हणाली, "अम्मा, झाकण तुम्हीच लावा, बाहेरून तुम्हीच पुसा, या खाचेत तुम्हीच ठेवा. पुढे यंत्र हात लावेल." मग माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही बाहेर."

मी बाहेर. थोड्या वेळाने आतून अक्काचा आवाज, "यंत्राला कसला आलाय विटाळ!" आणि दोघींचं हसणं.

रिपोर्ट येईपर्यंत खालच्या हॉटेलात इडली आणि बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन पेले. इडली लोण्यासारखी. अक्काने तिखट चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.

रिपोर्टमध्ये ते घटक वाढलेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "याचा अर्थ कर्करोग आहेच असा नाही. पण आता तुकडा तपासायलाच हवा."

मी अक्काकडे बघायचं टाळलं. परतीची मेट्रो धरली. लालबाग स्थानक गेलं तेव्हा म्हणाली, "लाळ दिली, आता गालाने काय घोडं मारलंय? पण तू दाराबाहेर हवास. आत नको, भाषण करशील."

दुसऱ्या दिवशी बसवनगुडीतच तुकडा काढला. मी दाराबाहेर होतो.

निकाल आला तेव्हा मी मिरजेत परतलो होतो. कर्करोग नाही, त्या वाटेवरचे बदल मात्र सुरू झालेत. तंबाखू कायमची बंद, तपासण्या चालू. मी तिला एवढंच सांगितलं, तल्लफ आली की मला फोन कर.

ती करते. माझा धंदा पंपांच्या मोटारी रिवाइंड करण्याचा, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचा. कॉइलचे वेढे मोजताना दुकानात कुणी बोलायचं नाही, हा माझा कडक नियम. वेढा चुकला की मोटार जळते. काल एका पंपाची कॉइल अर्ध्यावर आली होती आणि फोन वाजला.

"तोंड तंबाखू मागतंय रे. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. बोलायला तू कधी कमी पडलास?"

बोललो. शेजाऱ्याची नवी गाडी, वांग्यांचा भाव, आमच्या हिचा गुडघा. शेवटी अक्का म्हणाली, "सरी, गेली बघ तल्लफ. ठेव आता."

फोन ठेवला आणि कॉइलकडे पाहिलं. आकडा कुठवर आला होता, काही केल्या आठवेना. सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.