वॉलरसचा दात आणि माझी डबी

सिॲटलजवळच्या बेलव्ह्यूहून निघताना बायकोने, सुनंदाने, माझी बॅग स्वतः भरली, पण जॅकेटच्या खिशातली फिल्मची डबी तिच्या नजरेतून सुटली. आमचा कॅमेरा कधीच डिजिटल झाला होता. डबीत भाजकी सुपारी होती. डॉक्टरांनी गाल तपासून बंद करायला सांगितलेली, आणि मी सुनंदाची शपथ घेऊन सोडलेली. गराजमध्ये अडकित्त्याने कातरून रोज खात होतो. हे इतकं सरळ आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

२००६चा उन्हाळा. हौशी लोकांना उत्खननात हात लावू देणारी एक मोहीम सुनंदाने शोधून काढली होती. सिॲटलहून विमानाने बर्फाळ उत्तरेला अँकरेज, तिथून आणखी वर नोम, पुढे होडीने समुद्रकाठच्या माळावर. नजर पोचेल तिथवर एक झाड नाही. पायाखाली ओल्या गादीसारखं शेवाळ, त्याखाली गोठलेली जमीन, आणि त्या जमिनीत शेकडो वर्षांपूर्वीचं घर. समुद्राने वाहून आणलेली लाकडं, वर गवताची ढेकळं. आत शिरायचा बोगदा मुद्दाम खोल, म्हणजे थंडी तिथेच बसते आणि झोपायचा ओटा उबदार राहतो.

"आपल्या टाउनहाउसचं हीटिंग याहून वाईट आहे," सुनंदा म्हणाली.

उन्हाने वितळेल तेवढीच माती खरवडायची, मग थांबायचं. डास इतके की तोंडावर जाळी. एका दुपारी स्वयंपाक बघणाऱ्या मार्था मावशींनी अकुताक (चरबी आणि रानबेऱ्या एकत्र घोटून केलेलं गोड) वाढलं. "कसं झालंय?" त्यांनी विचारलं. "श्रीखंडासारखं," मी म्हणालो आणि चव घालवायला खड्ड्यात उतरून, पाठ फिरवून डबी उघडली. जाळी उचलली, डास आत आले, एक खांड मातीत पडलं. शोधलं, सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनंदाची चाळणी थांबली. "अहो, इकडे या."

तिच्या तळहातावर तपकिरी तुकडा, आत पांढऱ्या रेषांची नक्षी. मोहिमेची प्रमुख लिंडा धावत आली. वॉलरसच्या, म्हणजे त्या सुळेवाल्या समुद्री प्राण्याच्या, दाताच्या गाभ्यात अशीच नक्षी असते म्हणे.

"कट बघ, किती क्लीन आहे. धातूचं पातं असणार. सैबेरियातून आलेलं असेल."

ते पातं साताऱ्याच्या मंडईतून आलं होतं.

सुनंदा फोटोसाठी उभी राहिली. इतकी ताठ मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. लिंडा पिशवीवर तिचं नाव लिहायला लागली, स्पेलिंग विचारलं. पिशवी लॅबमध्ये जाणार होती. बोललो तर सुनंदाचा शोध जाणार आणि माझी शपथही. गप्प राहिलो तर सैबेरियाचा व्यापार माझ्या सुपारीवर उभा राहणार.

"लिंडा, थांब. ते माझं आहे," म्हणत मी डबी उघडून शेजारी दुसरं खांड ठेवलं. लिंडाने वास घेतला आणि ती हसत सुटली. सुनंदा हसली नाही.

"शपथ कुणाची घेतली होती?"

"तुझी."

"मग मी जिवंत कशी?"

दोन दिवस ती माझ्याशी फक्त मार्था मावशींमार्फत बोलली. मावशींना मराठी येत नसल्यामुळे मी पुष्कळ वाचलो.

शेवटच्या दिवशी ओट्यामागच्या फटीत तिला एक कोरीव सील प्राणी सापडला, बोटाच्या पेराएवढा, खऱ्या वॉलरसच्या दाताचा. आता ती फटीच तपासत होती. पिशवीवर तिचं नाव पुन्हा लिहिलं गेलं.

"पूजेतलं काहीतरी असेल," लिंडा म्हणाली.

"पूजा कसली," सुनंदा माझ्याकडे बघत म्हणाली, "नवऱ्याने लपवलं असेल."

घरी परतल्यावर अडकित्ता शोकेसमध्ये गेला. पाहुणे आले की ती दाखवते: "आमच्याकडचं उत्खनन." मी चहा आणायला उठतो.

पण तो ओटा माझ्या डोक्यातून जात नाही. सगळं घर आमच्या बेडरूमएवढं. कुणीतरी तिथे रात्री हळूच फटीत हात घालत असेल, शेजारी बायको झोपलेली. तिला ते माहीत नसेल, हे मला पटत नाही.

सुनंदाला माझ्या डबीचं आधीच माहीत होतं का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.