मेधाला सापडलेला दगड

ठाणे-कल्याण भागात शिलाहार राजांच्या काळातले अवशेष शोधत मी बरीच वर्षं हिंडते आहे. कुणीच न नोंदवलेलं असं मला अजून काही सापडलेलं नाही. माझ्या धाकट्या नणंदेला, मेधाला, मात्र सापडलं. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याचा स्मृतिदगड, हेही तिला मीच शिकवलेलं. "वहिनी, वीरगळ सापडलाय, रविवारी ये ना बघायला," ती फोनवर म्हणाली. मी "अगं वा!" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर तो वीरगळ नसूदे असं मनात आलं.

वर्तकनगरहून सकाळी लवकर निघाले. डोंबिवलीत मेधाकडे पोहे, मग रिक्षाने शीळ रस्ता. काम चालू आहे, तोंडाला रुमाल हवाच. शेवटचा टप्पा शेतातून पायी. वाटेत काही मिळत नाही, पाणी सोबत घ्या.

दगड गावाच्या वेशीवर, निम्मा मातीत. वरचे चंद्र-सूर्य शेंदराने माखलेले. "वीर खाली असणार," मेधा म्हणाली. शेंदूर नव्हता त्या भागावर मी पाणी ओतलं. तिरप्या उन्हात अक्षरांच्या झिजलेल्या ओळी दिसल्या. मेधा माती उकरायला वाकली, तशी दिवा लावायला आलेली आजी ओरडली, "ए बाय, नको! माजे सासरे बोलायचे, खालचा बायांनी बगाचा नाय."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. खाली वीर नव्हता, गाढव होतं. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला गाढव आणि बाईच्या चित्रातून अश्लील शिवी कोरलेला गधेगळ! वीरगळाहून कितीतरी दुर्मिळ. मी गप्प राहिले. स्वतःच्या नावाने लिहायच्या लेखाचं पहिलं वाक्यही मनात तयार झालं.

शीळफाट्याला मिसळ घेतली. तर्री झणझणीत, पाव ताजे.

"आज आपल्या इतिहासाच्या ग्रुपवर वीरगळ म्हणून टाकते," मेधा म्हणाली. "तू एवढी गप्प का? चुकलंय का माझं काही?"

ती इतक्या विश्वासाने बघत होती की मी हातातला पाव खाली ठेवला. "चुकलंय," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

ती टाळी देऊन हसली. "म्हणजे मला गाढव सापडलं! वहिनी, तुझंच नाव पहिलं घालू."

थोडं तरी वाईट वाटायला हवं होतं तिला. "नको," मी म्हणाले. "दगड तुझा."

घरी पोचेपर्यंत तिचा फोटो ग्रुपवर होता: 'ओळखला वहिनीने.' अभिनंदनं मलाही आली. तरी तो मला सापडायला हवा होता, हे काही जात नाही.

जाणार असाल तर सकाळच्या उन्हात जा. शेंदूर खरवडू नका, उकरू नका. गावाचं नाव मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. ते मेधाला विचारा.