माझ्या खोलीतली पाहुणी

दिवेआगरला आमच्या घरात पाहुणे उतरायला लागले तेव्हा मी तिसरीत होते. एक खोली बाबांनी वाडीत नवी बांधली होती. दुसरी माझी. म्हणजे मी आणि आई झोपायचो ती, जिच्या खिडकीतून पोफळी आणि त्यांच्या पलीकडे सुरूच्या झाडांची रांग दिसायची. शनिवारी दुपारी पुण्या-मुंबईच्या गाड्या गावात शिरल्या की आई माझं दप्तर, कपडे, उशी उचलून माजघरात आणायची. रविवारी संध्याकाळी गाड्या गेल्या की सगळं परत जागेवर. गावातल्या बऱ्याच पोरांचं असंच होतं. सोमवारी अर्धा वर्ग पेंगत असायचा. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण सुट्टीच्या दिवशी आम्ही कधी त्यात डुंबलो नाही. जगाची सुट्टी म्हणजे आमचं काम. नारळ खवायचे, पाण्याचे तांबे भरायचे, कुणी "बीचला कुठून जायचं?" विचारलं की हात करून दाखवायचं.

त्याचं मला काही वाटत नसे. पाहुणे यायचे, जायचे. मग ती आली.

ती माझ्याच वयाची होती, पुण्याची. दिवाळीच्या सुट्टीत वडिलांबरोबर आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी केस मोकळे सोडून पडवीत उभी होती. आईने तिला पायरीवर बसवलं, स्वतः तिच्या मागे बसली आणि खोबरेल लावून तिची वेणी घालायला लागली. माझी वेणी आई उभ्याउभ्या घालायची, एक डोळा गॅसवरच्या दुधाकडे ठेवून. तिची घालताना ती बसली होती. गप्पा मारत होती. वर अबोलीचा गजरा माळला, आणि अबोली माझ्या झाडाची होती.

दुपारी मी आईकडे कुरकुर केली. आई आवाज खाली आणून म्हणाली, "तिला आई नाय गो. गेल्या वर्षीच गेली."

झालं. त्यानंतर मला बोलायला जागाच उरली नाही. जिला आई नाही तिचा हेवा करणारी मुलगी किती वाईट असेल, हे मला त्या वयातही कळत होतं. पण कळून हेवा कमी होत नाही. तो नुसता मुका होतो.

ती दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात यायला लागली. आधी ती आईला काकू म्हणायची. मग मावशी म्हणायला लागली. मावशी म्हटल्यावर ती माझी बहीण झाली, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिला पोहता येत होतं. ती माझ्या समुद्रात माझ्यापेक्षा जास्त वेळ असायची. ओल्या केसांनी परत येऊन म्हणायची, "किती लकी आहेस गं तू, रोज समुद्र!" मी तिच्या पायांची वाळू फरशीवर पडलेली बघत असायचे. ती मलाच झाडायची होती.

पुढे मी कॉलेजला म्हसळ्याला जायला लागले. एका वर्षी गॅदरिंगमध्ये मला गाण्याचं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभ शनिवारी होता. आई म्हणाली, "कशी येऊ? दोन्ही खोल्या भरल्यात." मला ते पटलं होतं. आमच्या गावात हे सगळ्यांनाच पटतं.

मग टाळेबंदीच्या वर्षी जूनमध्ये वादळ आलं. सकाळी उभी असलेली वाडी संध्याकाळी आडवी झाली होती. माड एकमेकांवर पडले होते, पोफळी मधोमध मोडल्या होत्या, नव्या खोलीचे पत्रे शेजारच्या विहिरीपाशी जाऊन पडले होते. बाबा एकेका झाडाला हात लावत फिरत होते. मी अंगणात बसून रडायला लागले तेव्हा आई म्हणाली, "ऊठ. धड कौलं आहेत ती वेगळी कर." तिने तीन दगड मांडून भात शिजवला. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही.

बऱ्याच दिवसांनी मोबाईलला रेंज आली. एका दुपारी फोन वाजला आणि आई तो घेऊन विहिरीमागे गेली. मी कळशी घेऊन पाण्याला गेले तर आई हुंदके देत होती. "सगळं गेलं गो बाळा," ती फोनवर सांगत होती. "पोफळ आज लावली तर धरायला किती वर्षं? मी बघीन का ती सुपारी?"

कोणाशी बोलतेय ते विचारायची गरजच नव्हती. मी रिकामी कळशी घेऊन मागे फिरले.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "माझ्यासमोर का नाही रडलीस?"

तिने मान वर केली नाही. "तुझ्यासमोर रडले असते तर तू पण बसली असतीस रडत. मग कौलं कोण गोळा करणार होतं?"

"आणि ती?"

"ती लांब आहे. ऐकेल, वाईट वाटेल तिला, मग जेवायला बसेल. तुला इथंच राहायचंय माझ्याबरोबर."

मला ते उत्तर वाटलंच नाही. तिचं रडणं पुण्याला आणि कौलं मला, एवढंच मला समजलं.

हळूहळू पत्रे चढले, गाड्या परत यायला लागल्या. किनाऱ्यावर तंबू आले, लाटांवरून ओढत नेणाऱ्या केळ्याच्या आकाराच्या बोटी आल्या, दर दोन घरांमागे नवा बोर्ड लागला. बुकिंगचे फोन मी घ्यायला लागले. आणि ऐन डिसेंबरात तिचं लग्न ठरलं. तिने फोन केला, "मावशी, तू नसशील तर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही."

आई गेली. सीझनमध्ये कधी गावाबाहेर पाऊल न टाकलेली माझी आई पिशवी भरून पहाटेच्या एसटीने पुण्याला गेली. इकडे दोन्ही खोल्या भरलेल्या. मी आणि बाबांनी सगळं निभावलं. ताट पुढे ओढत एक बाई म्हणाल्या, "मागच्या वेळच्या काकू नाहीत का?" मी म्हटलं, "लेकीच्या लग्नाला गेल्यात." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाईंच्या ताटात भात वाढला.

आई परतली ती मानाची पैठणी घेऊन. पडवीत बसून कितीतरी वेळ सांगत होती: मुलीकडच्या बायकांत तिला पहिल्या रांगेत कसं बसवलं, ताट कसं हातात आणून दिलं, नवरीचे वडील कसे रडले.

मी म्हटलं, "माझ्या लग्नात अशीच बसशील पैठणी नेसून?"

"तुझ्या लग्नात?" आई हसायलाच लागली. "तुझ्या लग्नात मला बसायला कोण देतंय! पदर खोचून राबत असेन मी. पाहुणी आहे का मी तिथं?"

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला हसावं की रुसावं कळेना. हेवा गेला का? नाही. आईला तिचा फोन आला की आजही माझे कान विहिरीकडे लागतात.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. पातेल्यावरचं झाकण काढून तिने तळहातावर आमटी घेतली, चाटली. "मीठ कमी आहे," ती आतून ओरडली. "आणि एवढं पाणी कशाला घातलंस?"

मी आत गेले आणि मीठ घातलं.