मोगलाईतल्या पाच दमण्या

कापसाला सोन्याचा भाव आला त्या सालांची गोष्ट. आमच्या नांदगावाकडे जो तो हौसेनं नुसता फुगला होता. माझ्या चुलतभावानं टूम काढली की पाच दमण्या जुंपायच्या आणि मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या मुलखातून, थेट हैदराबाद पाहून यायचं. काम काही नाही, नुसतं पाहायचं. दमणी म्हणजे दोन माणसांपुरती हलकी गाडी. बैल पळते असले की मागच्याच्या तोंडात नुसती धूळ.

माझी जोडी घरच्या गाईची. त्यातला तांबडा तर मी बोटानं दूध चाटवून वाढवलेला, कारण त्याची आई तो चार दिवसांचा असतानाच गेली होती. निघताना बायको म्हणाली, "तुमी आले नाई तरी चालन, पन तांबड्याले सुखरूप आना." ती थट्टा करत होती, पण अर्धीच.

मी जात्याच संशयी. दुधानं तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारा. त्यात मोगलाईत वाटसरूंना धोतरा चारून लुटतात, असं लहानपणापासून ऐकलेलं. पैनगंगा उतरलो तसा मला प्रत्येक माणूस चोर दिसू लागला. नाक्यावरचा शिपाई हसला तर वाटे, का हसला? एका बाईनं विहीर दाखवली, तर मी पुढच्या विहिरीपर्यंत तहान मारली. बाकीचे माझी टर उडवत, पण चोरून आपापल्या कमरेचे पैशांचे कसे चाचपत, ते मी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गावाबाहेर थांबलो. ज्वारी कापून नेलेलं वावर होतं आणि धसकटांतून हिरवेगार कोंब वर आले होते. सारा मुलूख वाळलेला, त्यात एवढी हिरवळ पाहून बैल माना ताणू लागले. आम्ही त्यांना सोडणार, तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा हात हलवत पळत आला.

"पाव्हणं, तितं नगा सोडू बैलं! तिकडं आंबराईत सोडा, सावली हाय!"

आंबराई दाट होती. तिथं चार माणसं दबा धरून बसली तर दिसली नसती. मला लगेच त्याचा डाव कळला. म्हणजे कळला असं वाटलं.

"कावून? दोन कोंब खाल्ले त तुहं वावर बुडते काय?" मी म्हणालो आणि मुद्दाम त्याच्या देखत तांबड्याला सोडलं. म्हातारा आणखी काही सांगू पाहत होता, ते मी ऐकूनच घेतलं नाही. माझ्यामागे भावानंही आपला बैल सोडला. बाकीच्यांचे अजून जुवाखालीच होते.

घटकाभरही झाली नसेल. भावाचा बैल थरथरू लागला. मग तांबड्याच्या तोंडाला फेस आला, श्वास धापेवर गेला आणि तो गुडघ्यांवर बसला. म्हातारा घराकडे धावला आणि गूळ कालवलेलं ताक घेऊन आला.

मी ओरडलो, "भाऊ, पाजू नको! यानंच काईतरी घातलं आसन. आता आनखी घालून राहिला!"

"अबे, बैल मरूनच राहिला," भाऊ म्हणाला, "याच्याहून आनखी काय मरन?" त्यानं बैलाचं तोंड उघडून धरलं आणि म्हाताऱ्यानं ताक ओतलं. मग म्हातारा माझ्याकडे वळला. मी त्याच्या हातातलं भांडं उडवलं. ताक मातीत गेलं.

भावाचा बैल तासाभरानं उठला. तांबडा उठला नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी गावाच्या शिवारात भोकाड पसरलं. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटते ती त्या भांड्याची.

बाकीच्यांना मीच पुढे धाडलं. एका बैलानं दमणी ओढवेना, तेव्हा म्हाताऱ्यानं न सांगता आपला बैल माझ्या दुसऱ्या बैलाशेजारी जुंपला. मागे पैनगंगेपलीकडे, आमच्या मुलखात, माझी सासुरवाडी होती. तिथवर पोहोचवतो म्हणाला. तो दमणीत बसला नाही, पायीच चालत राहिला. खरं सांगतो, त्या वाटेवरही मी दोनदा मागं वळून पाहिलं, कोणी येतंय का म्हणून.

पाणवठ्याशी त्यानं विचारलं, "तुमच्याकडं ज्वारी पेरत न्हाईत व्हय?"

"तीन सालं झाली, बंदच हाय. नुसता कापूस," मी म्हणालो.

"तरीच," तो म्हणाला. "धसकटाच्या कोंबात इख असतं, हे इसरलात."

हे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. माझ्या बापानं मला हेच सांगून बांधावर राखणीला बसवलं होतं. त्या दुपारी फक्त त्या माणसाचा डाव दिसला, कोंब दिसले नाहीत.

पैलतीरी त्यानं आपला बैल सोडून घेतला. मी त्याच्या पाया पडायला पुढे झालो, तसा तो झटकन मागे सरला आणि त्यानं बैलाला आपल्या पाठीमागे घेतलं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, "तितूनच."