नागपुरातल्या दोन फुकट रात्री

रचना रामटेके चिचगडच्या सरकारी दवाखान्यात औषधं द्यायची. खिडकीवर आलेल्या माणसाला गोळी कशी घ्यायची ते ती दोनदा सांगायची आणि तिसऱ्यांदा त्याच्याच तोंडून वदवून घ्यायची. वय चौतीस, लग्न केलेलं नव्हतं. आठवडाभर चिचगडला भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी बसने आमगावला, आईबाबांकडे. पैशाच्या बाबतीत ती इतकी जपून की दवाखान्यातल्या सिस्टर तिला चहाच्या वर्गणीचा खजिनदार करायच्या.

मार्च २०१३ मधल्या एका शनिवारी ती गोंदियाला गेली होती. आमगावच्या घराला मागे दोन खोल्या काढणं चालू होतं आणि धाकट्या भावाने, राजदीपने, फरशी बघून यायला सांगितलं होतं. दुकानाच्या दाराशीच तिला ओमेश कटरे भेटला. कॉलेजात तिच्या वर्गात होता. आता एका बँकेची क्रेडिट कार्डं विकायचा. छोटं टेबल, वर छत्री, गळ्यात ओळखपत्र.

"तुझ्यासारख्या पगारदार माणसालाच भेटते हे कार्ड," तो म्हणाला आणि एक चकचकीत कागद तिच्यापुढे धरला. एका मोठ्या हॉटेलवाल्यांसोबत बँकेने काढलेलं कार्ड होतं. घेतल्यापासून नव्वद दिवसांत एक लाखाची खरेदी केली की बोनस पॉइंट मिळणार, आणि त्या पॉइंटवर त्या हॉटेलात दोन रात्री फुकट. "नागपूरला पण आहे त्यांचं. एका रात्रीचे साडेचार हजार घेतात लोकांकडून. ऑफर तीस तारखेपर्यंत. फॉर्म मी भरून ठेवतो, तू फक्त सही कर."

रचना असल्या कागदांकडे बघणारी नव्हती. पण नागपूर आणि दोन रात्री हे शब्द ऐकून ती थांबली.

तिच्या आईचा, रुक्माबाईचा, उजवा डोळा काचबिंदूने गेला होता. डाव्यातलं प्रेशर वाढत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सहा मे ही ऑपरेशनची तारीख दिली होती आणि बजावलं होतं की नंतरचे दोन दिवस रोज दाखवायला यावं लागेल, तेव्हा जवळच कुठेतरी मुक्काम करा. त्यावर बाबा एवढंच म्हणाले होते, "मुक्काम कायले? गाडी हाये ना."

आमगावहून नागपूर जायला तीन तास, यायला तीन तास. मे महिन्याचं ऊन. कापलेला डोळा. तरी बाबा मुक्कामाला तयार नव्हते, आणि का नव्हते ते रचनाला माहीत होतं.

तिचे बाबा, सेवकराम रामटेके, जंगल खात्यात गार्ड होते. १९७९ साली एका साहेबाविरुद्ध सागवानाच्या चोरीची खात्यात चौकशी लागली. ट्रक अडवणारे सेवकरामच होते, म्हणून त्यांचं बयान घ्यायला नागपूरला बोलावलं. हातात सरकारी पत्र होतं, मुक्कामाचा भत्ता मंजूर होता. स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये ते गेले. मॅनेजरने रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, आडनावावर पेन थांबवलं आणि विचारलं, "रामटेके म्हणजे?" सेवकरामांनी सांगितलं. मॅनेजरने रजिस्टर मिटलं. जागा नाही म्हणाला. त्यानंतर दोन लॉजमध्ये तेच झालं. ती रात्र त्यांनी फलाटावर बसून काढली आणि सकाळी बयान देताना तारखा उलटसुलट सांगितल्या. साहेब सुटला. विसंगत बयान दिलं म्हणून सेवकरामांची वर्षाची पगारवाढ थांबली.

त्यानंतर ते दीक्षाभूमीला दरवर्षी गेले, खात्याच्या कामाने दहा वेळा गेले, पण नागपुरात कधी पैसे देऊन झोपले नाहीत. ही गोष्ट त्यांनी स्वतः कुणाला सांगितली नव्हती. रचना बारावीत असताना आईने एकदा सांगितली होती.

म्हणून ती कागद पर्समध्ये घालून घेऊन आली. फुकट आहे म्हटलं तर बाबा नाही म्हणणार नाहीत, असा तिचा हिशेब. आणि ज्या शहरात त्यांना खाट मिळाली नव्हती, तिथल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात ते झोपतील.

पुढचे दोन आठवडे तिचा जीव त्या कागदात अडकला. कार्डाची वर्षाची फी पाच हजार, वर टॅक्स. म्हणजे फुकट असं नव्हतंच, अर्ध्या किमतीत म्हणायचं. चिचगडला एकही दुकान कार्ड घेत नव्हतं, आमगावला पेट्रोल पंप सोडला तर कुठे नाही. ती महिन्याला जेवढं खर्च करायची त्यात नव्वद दिवसांत लाख होणं शक्य नव्हतं. फरशी, पाण्याची मोटर आणि पाइप कार्डावर घेतले तर साठ-पासष्ट हजारांपर्यंत जात होतं. पण फरशीवाला म्हणाला, कार्ड घासलं तर दोन टक्के जास्त पडतील.

राजदीपला मात्र सगळं सोपं वाटत होतं. "ताई, घेऊन टाक ना. बाकीचे टीव्हीत लावू. मोठा टीव्ही घेऊ, चाळीस इंची."

"टीव्ही हाये ना घरी."

"तो डब्बा हाये. आन टीव्ही नाही घेतला तं लाख कसे भरतीन?"

"म्हणजे नऊ हजाराच्या खोल्यांसाठी पस्तीस हजाराचा टीव्ही घेऊ?"

"तू नुसती नाही म्हणाचं शिकली हायेस. मी फरशीवाल्याले सांगून बसलो, कार्डावर घेऊन राहिलो म्हणून."

रचनाला टीव्ही नको होता, पण खोली हवी होती. हवी आहे म्हटल्यावर तिला रोज एक नवं कारण सुचत होतं. मोटर तर लागणारच आहे. टीव्ही पण कधीतरी घ्यायचाच. कार्डाचं बिल वेळेवर भरलं की व्याज लागत नाही.

होळीच्या दुसऱ्या दिवशी तिने कागदामागच्या नंबरवर फोन केला. चिचगडला रेंज दवाखान्यामागच्या मोहाच्या झाडाखालीच मिळायची. तिथे उभं राहून तिने पलीकडच्या मुलीला एकेक प्रश्न विचारला. फी लाखात धरतात का? नाही. पॉइंट कधी मिळतात? खरेदी पूर्ण झाल्यावर दहा कामाचे दिवस. कार्ड हातात कधी येतं? पंधरा ते एकवीस दिवस.

"खोली माझ्या वडिलांच्या नावावर घेता येईल?"

"नहीं मॅडम. रूम कार्डहोल्डर के नाम पर ही बुक होगा. आप साथ में आइए, वो आपके गेस्ट रहेंगे."

रचनाने फोन ठेवला आणि झाडाच्या बुंध्याला पाठ टेकली. म्हणजे काउंटरवर ती उभी राहणार, नाव तिचं लिहिलं जाणार आणि बाबा मागे पिशवी धरून उभे राहणार. तिला ते चित्र आवडलं नाही. पण तरीही, खोली तर मिळेल, असं तिने मनाला समजावलं.

मग तारखा. आज सही केली तर कार्ड वीस एप्रिलच्या आसपास येणार. त्याच दिवशी सगळी खरेदी केली तरी पॉइंट मेच्या पहिल्या आठवड्यात. त्यानंतर खोलीचं बुकिंग. सहा मे गाठणं कठीण होतं. पंधरा दिवस मागेपुढे झाले तर मात्र नीट बसत होतं.

तिने डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावला. "रुक्माबाई रामटेके, सहा मे. तारीख पुढं ढकलता येईल का? वीसच्या आसपास?"

"येईल," काउंटरवरची बाई म्हणाली. "डॉक्टरांना सांगावं लागेल. कारण काय लिहू?"

प्रेशर वाढलेल्या डोळ्याचं काय होतं ते रचनाला चिचगडातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ड्रॉप चुकवणाऱ्या म्हाताऱ्यांना ती खिडकीतून रागवायची.

"हॅलो? कारण?"

"राहू द्या," ती म्हणाली. "सहालाच येऊ आम्ही." आईच्या उरलेल्या एका डोळ्याचं ऑपरेशन ती दोन रात्रींसाठी पुढे ढकलायला निघाली होती, आणि ते तिला ती बाई कारण विचारेपर्यंत कळलंही नव्हतं.

तीस तारखेला शनिवारी ती गोंदियाला उतरली आणि सरळ ओमेशच्या टेबलापाशी गेली. फॉर्म भरलेला होता, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली होती.

"नाही घेत," ती म्हणाली.

ओमेशचा चेहरा उतरला. "रचना, एक फॉर्म कमी आहे माझा. आज संध्याकाळी टार्गेट बंद होते. आवडलं नाही तर वर्षाने बंद करून टाकजो."

"वर्षाने बंद करायचं तर आज कायले घेऊ?"

"मग पंधरा दिवस मला लटकवून कायले ठेवलं?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. त्याने फॉर्म तिच्यासमोर फाडला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. नंतर वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही.

रविवारी सकाळी बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. रचना खाली बसली. "बाबा, सहा तारखेले आपण नागपुरात तीन दिवस राहू. दवाखान्याजवळ साधं हॉटेल हाये, अकराशे रोज. मी विचारलं."

"राजदीप तं फुकटच्या खोलीचं सांगत होता."

"ते नाही घेतलं. ती खोली माझ्या नावावर भेटते. मले तुमच्या नावावर पायजे."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "कायले?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना समजलं.

"कोणं सांगतलं तुले?"

"मायनं. लय वर्षं झाले."

बाबांनी पेपरची घडी घातली. मग ते म्हणाले, "त्यानं शिवी नाही देली. शिवी देली असती तं मी बोललो असतो. जागा नाही म्हणे, आन रजिस्टर बंद केला." त्यांचा आवाज चढला. "तं आता माह्या नावानं तुले काय सिद्ध कराचं हाये? मी सांगतलं होतं का तुले?"

नाही, त्यांनी सांगितलं नव्हतं. मोठं हॉटेल तिच्या डोक्यातून निघालं होतं, आणि रजिस्टरातलं नावही. ती तशीच चिचगडला परत गेली. पुढच्या शनिवारी आली तेव्हाही बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते. बाबा ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसले.

शेवटी रुक्माबाईच बोलली. ती चुलीपुढे बसली होती आणि चाचपडत भाकर उलटत होती.

"मी आंधळी होऊन राहिली, आन तुम्ही दोघं रजिस्टर धरून बसले. मले दोन दिवस गाडीत नाही बसाचं. जिथं संडास जवळ हाये तिथं राहू. नाव कोणाचं का लिहत ना."

सहा मेला बाबांनी स्वतःच्या पिशवीत तीन दिवसांचे कपडे भरले.

ऑपरेशन दुपारी झालं. चार वाजता तिघं त्या हॉटेलात आले. रुक्माबाईच्या डोळ्यावर पट्टी, रचनाने तिचा दंड धरलेला. रचना काउंटरकडे वळणार, तेवढ्यात बाबा पुढे झाले. त्यांनी खिशातून मतदान ओळखपत्र काढलं आणि काउंटरवर ठेवलं. पण बोटं त्यावरून उचलली नाहीत.

काउंटरवर विशी-बाविशीचा पोरगा होता. त्याने कार्ड घ्यायला हात पुढे केला आणि वाट पाहिली. बाबांनी बोटं काढली. पोराने नाव वाचलं, पत्ता वाचला. पोराने कार्ड उलटं करून पाहिलं, मशीनवर ठेवून झेरॉक्स काढली आणि रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. "कितने लोग?"

"तीन."

"इधर साइन."

बाबांनी सही केली. पोराने चावी दिली. "दो सौ चार. लिफ्ट बंद है."

बाबा हलले नाहीत. "आखीन काही विचाराचं हाये?"

पोराने वर पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नाही. "चाय चाहिए तो नौ नंबर दबाना."

बाबांनी मान हलवली आणि जिन्याकडे निघाले. पहिली रात्र ते खुर्चीतच बसून होते. रुक्माबाईने दोनदा सांगितलं, आडवे व्हा म्हणून. दुसऱ्या रात्री झोपले. रचनाशी मात्र ते परतीच्या गाडीतच पहिलं वाक्य बोलले, आणि तेही ड्रॉप किती वाजता घालायचा एवढंच.

डोळा वाचला. दिसणं वाढलं नाही, पण होतं तेवढं राहिलं. राजदीपने फरशी दोन खेपांत, रोखीने आणली. टीव्ही आला नाही, म्हणून तो पावसाळाभर कुरकुरत होता. आमगावच्या एका मास्तरने ओमेशकडून तेच कार्ड घेतलं होतं. त्याला मुलीच्या लग्नाचं फर्निचर घ्यायचंच होतं, लाख सहज भरले, आणि तो बायकोला घेऊन नागपूरच्या त्या मोठ्या हॉटेलात दोन रात्री राहून आला. खोली मस्त होती म्हणाला. रचनाला ते ऐकून वाईट वाटलं नाही. मास्तरसाठी ते कार्ड फायद्याचं होतं, तिच्यासाठी नव्हतं.

ऑक्टोबरात जंगल खात्यातल्या पेन्शनवाल्यांची नागपूरला सभा होती. बाबा सकाळच्या गाडीने गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. रचनाने काही विचारलं नाही. रुक्माबाईने विचारलं, रात्री कुठं होतात म्हणून. बाबांनी स्टेशनजवळच्या एका लॉजचं नाव सांगितलं आणि म्हणाले, पंखा लय आवाज करत होता.