स्क्रू ड्रायव्हरला कान

नेकनूरहून बीडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ते रोज चालकामागच्या बाकावर बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवतात, एवढं ठाऊक होतं. खिशात पेनाशेजारी लांब स्क्रू ड्रायव्हर असे. बस चढाला लागली की ते डोळे मिटून ऐकत आणि चालकाला सांगत, "नोझल बघून घ्या, एक सिलिंडर झोपलंय." पोरांनाही तेच शिकवत: स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं अन् मूठ कानाला.

यंदा त्यांचा वर्ग विजेच्या गाड्यांचा झाला. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले, तेव्हापासून बसमध्ये वही उघडून बॅटरीच्या आकृत्या पाठ करत.

"पहिल्याच तासाला सवयीनं मोटारीला कान लावला," एकदा म्हणाले. "लेकरं लई हसली. मीबी हसलो. आवाजच न्हाई, तर काय ऐकायला शिकवू?"

परवा आमच्या मार्गावर विजेवरची नवी बस आली. ते नेहमीच्या जागी बसले, डोळे मिटले. कंडक्टरनं घंटी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं,

"गाडी चालू झाली का हो?"