नेमकं कुठे दुखतंय

बायको आणि मुलगी पुण्याला गेल्या तेव्हा मी ठणठणीत होतो. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून फेब्रुवारीत दोघी तीन आठवड्यांसाठी निघाल्या. नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहिलो. मार्चमध्ये करोनामुळे इथली ऑफिसं बंद झाली, तिकडे भारताने विमानं बंद केली आणि त्या तिथेच अडकल्या. माझं दुखणं त्याच सुमारास सुरू झालं.

पहिल्यांदा वाटलं, पाणी कमी पडतंय. लघवीला जळजळायचं. मग जळजळ मागे पडली आणि नाभीच्या बरंच खाली, आत कुठेतरी, ठणका सुरू झाला. जाऊन आलं की जरा उतरायचा, आणि मूत्राशय पुन्हा भरायला लागलं की चढायचा. रात्री झोप लागते न लागते तोच उठावं लागे. काही दिवसांनी खुर्चीत बसवेना. मी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि उभ्याने काम करू लागलो. मीटिंगमधल्या एकाने विचारलंसुद्धा, "स्टँडिंग डेस्क घेतलास वाटतं? मस्त!" मी म्हणालो, "हो, पाठीला बरं."

पाठ दुखते हे कुणालाही सांगता येतं. हे कसं सांगणार? हाउसआर्ट्सना, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांना, फोन केला. आधी त्यांच्या मदतनीस बाईने विचारलं, नेमकं कुठे दुखतंय? मी इंग्रजीत म्हणालो, पोटात. पोटात कुठे? खाली. किती खाली? मी शब्द शोधू लागलो. मराठीत त्या जागेला ओटीपोट म्हणतात, पण तो शब्द मी आजवर बायकांच्याच तोंडून ऐकला होता, तोही दबक्या आवाजात. पुरुषाने तो कधी वापरलेला मला आठवत नव्हता. शेवटी "ब्लॅडर" म्हणून मोकळा झालो. दहापैकी किती दुखतं, यावर म्हणालो, "चार." का, ते मलाही सांगता येणार नाही. तेव्हा माणसं श्वास अडकून मरत होती. त्यात आपलं काय मोठंसं, असं वाटलं असेल.

लघवी तपासली, काही निघालं नाही. तरी गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, दुखणं तसंच. पुन्हा तपासली, पुन्हा काही नाही. डॉक्टर बाई फोनवर म्हणाल्या, इन्फेक्शन नाही, ही चांगली गोष्ट आहे, थोडं थांबू या. हॉस्पिटलांनी तेव्हा तातडीचं नसलेलं सगळं पुढे ढकललं होतं.

मला मात्र ती गोष्ट चांगली वाटली नाही. माझे धाकटे काका मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. त्यांनाही आधी सगळे म्हणत होते, उन्हाळी लागली असेल. घरात सब्जा भिजायचा, धन्याचं पाणी व्हायचं, आणि काका हसत ते प्यायचे. हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो. आता रोज सकाळी संडासाचा दिवा लावून मी वाकून लघवीचा रंग बघायचो. जरा गडद दिसली की आणखी वाकून पुन्हा बघायचो. मी इथे गेलो तर दाराची किल्ली कुणाकडे आहे, इथून विचार सुरू व्हायचा, आणि मुलीला हे कोण आणि कुठल्या भाषेत सांगणार, इथवर जाऊन पोचायचा.

व्हिडिओ कॉलवर मी खांद्याच्या वरचाच दिसायचो. बायको विचारायची, "बारीक झालायस का रे?" मी म्हणायचो, "कॅमेरा तसा आहे."

एप्रिलच्या अखेरीस ऊन पडलं, म्हणून नदीकाठाने चालायला बाहेर पडलो. सायकलच्या सीटवर बसणं केव्हाच बंद झालं होतं. निघण्याआधी जाऊन आलो होतो, तरी वीस मिनिटांत पुन्हा कळ आली. एरवी एखाद्या कॅफेत शिरलो असतो. सगळे कॅफे बंद, लायब्ररी बंद, पेट्रोल पंप लांब. झुडपं होती, पण समोरच एक बाई दोन लहान मुलांना बदकं दाखवत उभी होती. झुडपात शिरणाऱ्या परक्या माणसाकडे बघून ती ओरडली तर? पोलिसांना बोलावलं तर? मी घराकडे वळलो. पायात पाय घालून चालत होतो, मनात मुलीचे पाढे म्हणत होतो. आमची इमारत दिसायला लागली आणि मला आवरलं नाही.

जाकीट काढून कमरेला बांधलं आणि खाली मान घालून चालत राहिलो. जिन्यात पोचलो तर फोन वाजला. बायको होती.

"अरे, जेवलास का?"

मी कठडा धरून उभा होतो. खोटं बोलायला काही सुचलं नाही.

"मला लघवी आवरली नाही," मी म्हणालो. "रस्त्यात."

"काय?"

मग सगळं बाहेर आलं. दोन महिन्यांचं दुखणं, तपासण्या, इस्त्रीचं टेबल, काका. ती म्हणाली, "आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?" आवाजात राग नव्हता. ती घाबरली होती, आणि ती घाबरलेली ऐकून मी आणखी घाबरलो.

तेवढ्यात पलीकडून दुसरा आवाज आला. "अगं, दे जरा इकडे."

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली तरी आमचं बोलणं हवापाणी आणि नातीचा खोकला यापलीकडे कधी गेलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, ऐका," त्या म्हणाल्या. "भरल्यावर दुखतं ना? आणि जाऊन आलं की थोडं उतरतं?"

"हो."

"चहा, आंबट, टोमॅटो, असलं काही खाल्लं की जास्त?"

मी कॉफी आणि टोमॅटोच्या सारावर जगत होतो. "बहुतेक हो."

"आणि बसलं की खाली गोळा अडकल्यासारखं?"

"हो, आई."

"मला वीस वर्षं आहे ते," त्या म्हणाल्या.

मागून बायकोचा आवाज आला, "आई! काय सांगतेस?" तिलाही ठाऊक नव्हतं. आईला सहलींना यायला आवडत नाही, आई नाटकाला कडेचीच खुर्ची मागते, लग्नघरी गेली की आधी मोरी विचारते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"कॅन्सर असता तर मी वीस वर्षं राहिले असते का?" सासूबाई मला म्हणाल्या. "पण माझ्यावर विसंबू नका. तपासून घ्या. मला डॉक्टरांनी सांगितलं, मनाचं आहे, देवाचं नाव घ्या. मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. उद्या सकाळी फोन करा त्यांना, आणि हे ओलं झालेलंसुद्धा सांगा."

कपडे बदलून, आंघोळ करून गॅलरीत उभा राहिलो तेव्हा छाती हलकी झाली होती. आपण मरणार नाही, असं कितीतरी दिवसांनी वाटलं. संध्याकाळपर्यंत ते टिकलं. मग त्यांचे शब्द उलट्या बाजूने ऐकू यायला लागले. वीस वर्षं. मी अडतीस वर्षांचा होतो. मरणाची भीती निदान ओळखीची होती. ही दुसरी, अशीच जगत राहण्याची, कुठून धरायची तेच कळेना.

सकाळी फोन केला. या वेळी म्हणालो, "आठ." काकांचं सांगितलं, रस्त्यातलं सांगितलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "हे मला आधी कळायला हवं होतं. मी तुम्हाला युरॉलॉजिस्टकडे पाठवते."

नंबर जूनमध्ये लागला. सोबत कुणाला आणायला परवानगी नव्हती, आणि मला आणायला कुणी नव्हतंही. कॉरिडॉरमधल्या एकाआड एक खुर्च्यांवर चिकटपट्टी लावलेली होती. मी भिंतीशी उभा राहिलो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती. आत टेबलावर घेतलं, बधिर करणारं जेल लावलं, बारीक कॅमेरा आत घातला. त्या कळेने मी कडेची दांडी घट्ट पकडली. पडद्यावर गुलाबी भिंत दिसत होती, मधेमधे लाल ठिपके. प्रत्येक ठिपक्याला मी मनात म्हणत होतो, हाच तो.

"कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

"नाही," युरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या. "मला तसं काही दिसत नाहीये."

मी रडलो. त्या अवस्थेत, पाय बांधून ठेवल्यासारखे असताना, एका मोठ्या माणसाने रडावं तसा नाही, लहान मुलासारखा. नर्सने हात लांब करून टिश्यू दिला.

मग डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचं दुखणं, आणि त्या दुखण्यापायी आवळून बसलेले ओटीपोटाचे स्नायू. याने माणूस मरत नाही, पण पूर्ण जाईलच असं वचन मी देऊ शकत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते दुसरं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाहेर आलो होतो.

गोळ्या सुरू झाल्या. कॉफी सुटली, सार सुटलं. एक फिजिओथेरपिस्ट बाई मला स्नायू सैल सोडायला शिकवू लागल्या. कसलं सैल सोडायचं, हे कळायलाच कितीतरी आठवडे गेले, इतका मी आतून आवळलेला होतो. चांगले दिवस यायला लागले. पण चांगल्या दिवसाचीही धास्ती वाटायची, की याच्या मागून काय येतंय.

दुपारी सासूबाईंचा मेसेज यायचा. "आज?" मी लिहायचो, "बरं. तुमचं?" कधी त्या लिहायच्या, "वाईट. काल लोणचं खाल्लं." सप्टेंबरात बायको त्यांना पुण्यातल्या युरॉलॉजिस्टकडे घेऊन गेली. तिथे त्यांच्या दुखण्यालाही तेच नाव मिळालं. त्या दिवशी त्यांनी मला एवढंच लिहिलं, "मनाचं नव्हतं."

ऑक्टोबरात दोघींना विमान मिळालं. नेमके त्याच आठवड्यात कॅफे पुन्हा बंद झाले. स्किपोल विमानतळावर जायचं म्हणून मी सकाळपासून घोट घोट मोजून पाणी प्यायलो, जे करू नका म्हणून मला बजावलेलं होतं. रेल्वेत उभाच राहिलो. ऐन वेळी कळ आली. मी आत असताना त्या बाहेर आल्या आणि मी त्यांना दिसलोच नाही तर, या भीतीने टॉयलेटमधून जवळजवळ पळतच बाहेर आलो.

मुलगी धावत येऊन पायांना बिलगली. जाताना ती अर्धं डच बोलायची. आता आजीच्या हेलात म्हणाली, "बाबा, किती रे वाळलायस तू!" बायकोने बॅगांची गाडी थांबवली, मास्कच्या वरून माझ्याकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "जाऊन आलास?"

"हो."

परतीच्या गाडीत हादऱ्यांनी ठणका चढत गेला. मी खिडकीबाहेर बघत होतो, चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून धडपडत होतो. बायको म्हणाली, "उतरायचं का?" मी म्हणालो, "चार बॅगा आहेत." ती उठलीच. पुढच्या स्टेशनवर आम्ही उतरलो. ती आणि मुलगी बॅगांवर बसल्या, मी खांबाला टेकून फिजिओ बाईंनी शिकवला तसा लांब श्वास घेत राहिलो. अजून भीती वाटत होती. बायकोलाही वाटत असणार, तिने माझी बाही धरून ठेवली होती.

"आपली गाडी गेली," मुलगी म्हणाली.

"दुसरी येईल," बायको म्हणाली आणि पिशवीतून चकलीचा डबा काढला.